आमच्याकडं असं कोण बोलतं?

मी उदगीरची. गेली चौदा वर्षं पुण्यात आहे, नोकरी करते, पण दिवाळीला गावी गेले की संध्याकाळी साडेसात ते दहा टीव्ही आजीच्या ताब्यात असतो आणि जे लागेल ते सगळ्यांनी बघायचं असा घरचा नियम आहे. गेल्या दिवाळीत आजी परात मांडीवर घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती आणि टीव्हीवर एक नवीन मालिका चालू होती, हिरॉईन गावाकडची दाखवलेली, काठापदराची साडी, घट्ट दोन वेण्या, हातात हिरव्या बांगड्या, आणि ती सासऱ्याला सांगत होती, "आवं मामंजी, म्या तुमास्नी सांगत्ये नव्हं का". आजीचा हात डाळीत तसाच थांबला. तिनं वर बघितलं आणि मला विचारलं, "ही कुठली म्हनायची गं? आपल्याकडं असं कोन बोलतंय?" मी म्हटलं कोल्हापूरकडची दाखवली असेल बहुतेक. माझी वहिनी इचलकरंजीची आहे, ती आतून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आमच्याकडं पण कोण न्हाई बोलत असलं".

मग कुठं बोलतात असं? हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाहीये. कारण विचार करत गेले तसं लक्षात आलं की मराठी मालिकांमध्ये (आणि बऱ्याच सिनेमांमध्येही) गावाकडच्या माणसाच्या तोंडी जी भाषा असते तिला गावच नाहीये. ती ना साताऱ्याची, ना बीडची, ना नगरची, ना यवतमाळची. ती तयार केलेली आहे, आणि तिची रेसिपी इतकी ठरलेली आहे की कुणीही अर्ध्या तासात शिकेल. ण चा न करायचा, आहे चं हाय करायचं, वाक्याच्या शेवटी नव्हं नाहीतर बगा चिकटवायचं, मध्ये एखादं लई टाकायचं आणि हेल काढून बोलायचं, झालं गावरान. बाकी वाक्याचा सांगाडा पूर्ण पुण्यामुंबईचा. क्रियापद तेच, विचार करायची पद्धत तीच, फक्त वरून माती फासलेली.

आणि खरी गंमत तर क्रियापदातच असते हो. एकच साधा प्रश्न घ्या, काय करतोयस. आमच्या उदगीर-नांदेडकडं म्हणतात काय करूलालास, तेच परभणी-बीडकडं काय करायलास, अमरावतीला गेलात तर काय करून राहिला बे, मालवणात काय करतंस रे, धुळ्याकडं अहिराणीत काय करी ऱ्हायना. पाच ठिकाणी पाच तऱ्हा, आणि या प्रत्येकीचा सूर वेगळा, कुठं वाक्य वर जातं, कुठं खाली बसतं, कुठं शेवटचं अक्षर ओढतात. वहिनी लग्न होऊन पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा ती "मी जेवलो", "मी जरा पडतो" असं बोलायची आणि आमच्याकडच्या बायका एकमेकींकडं बघायच्या, कारण कोल्हापूरकडच्या बायका आपसात बोलताना पुल्लिंगी रूपं सहज वापरतात हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. आता विचार करा, इतकी देखणी गोष्ट त्या भाषेत आहे, बाईच्या बोलण्याला तिच्यामुळं एक वेगळाच रुबाब येतो, आणि टीव्हीवरच्या कोल्हापुरी सुनेच्या तोंडी ती किती वेळा ऐकू येते? मला तरी फार कमी वेळा आली.

हे सगळं मी नुसतं प्रेक्षक म्हणून नाही बोलत. पुण्यात कॉलेजला आले तेव्हा नाटकाचं भयंकर वेड होतं. पहिल्याच वर्षी एकांकिकेच्या निवडीला गेले, पाठ करून गेले होते, बरं झालं होतं असं मला वाटलं. समोर बसलेल्या सिनियरनं सांगितलं की आवाज छान आहे पण तुझी भाषा शुद्ध नाहीये, आधी ती दुरुस्त कर. आणि मग त्याच एकांकिकेत मला कामवाल्या बाईचा रोल दिला, कारण त्या रोलला "तुझी भाषा चालेल". म्हणजे डॉक्टरची बायको व्हायला ती भाषा अशुद्ध आणि भांडी घासायला बरोबर. मी ते काम केलं. चांगलं केलं. पण तालमीत दिग्दर्शकानं मला तीन वेळा थांबवलं की असं नको, जरा अजून गावठी कर, आणि मी माझ्या आईची मावशीची भाषा सोडून त्याला जी गावठी वाटत होती ती बोलायला लागले. प्रयोगाला लोक हसले. मला त्या रात्री झोप आली नाही.

इतक्या वर्षांत काही बदललं असेल असं वाटत होतं. तर माझी भाची, बहिणीची मुलगी, लातूरला शिकते, तिनं मागच्या वर्षी एका मालिकेसाठी मोबाईलवर ऑडिशनचा व्हिडिओ पाठवला. मागणीत लिहिलेलं होतं, ग्रामीण मुलगी, मराठवाड्याचा टोन हवा. पोरगी खूश, म्हटली मावशी हे तर मला येतंच की, वेगळं काय करायचंय. तिनं आपल्या घरात बोलतात तसं बोलून पाठवलं, "आई बघूलाली वाट, मी निघूलाले आता" असं. मला पाठवला होता तो व्हिडिओ, मी दहा वेळा बघितला असेल, इतकी सहज बोलली होती. दोन दिवसांनी त्यांचा मेसेज आला, लुक छान आहे, जरा अजून गावरान करून पाठवा.

अजून गावरान! लातूरच्या मुलीला, जी लातूरच्या भाषेत लातूरच्या घरात उभी राहून बोलतीये तिला. त्यांच्या कानात मराठवाड्याचा जो टोन होता तो मराठवाड्यातून आलेलाच नव्हता, तो आधीच्या मालिकांमधून आलेला होता, आणि त्या मालिकांचा त्यांच्या आधीच्या सिनेमांमधून. नकलेची नक्कल आणि तिची पुन्हा नक्कल. शेवटी अशी वेळ आली की अस्सल समोर आलं तरी ते खोटं वाटायला लागलं. भाचीनं मग आवं-बगा घालून परत पाठवला, दोन दिवसांचं काम मिळालं, हिरॉईनच्या मैत्रिणीचं. टीव्हीवर लागलं तेव्हा सगळं घर बसलेलं. आजीला आनंद झाला, शेजारच्या दोघींना बोलावून आणलं होतं तिनं, पण नंतर हळूच मला म्हणाली, पोरगी दिसली चांगली, पर बोलली कोन गं ती?

या विषयावर कुणाशी बोललं की पहिलं उत्तर मिळतं ते हे की अस्सल बोली ठेवली तर बाकीच्या महाराष्ट्राला कळणार नाही, चॅनेलला मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत आणि गोव्यापर्यंत सगळीकडं टीआरपी हवा असतो, त्यामुळं सगळ्यांना कळेल असं मधलं काहीतरी करावं लागतं. हे ऐकायला पटतं. पण पुरावा उलटा आहे. मच्छिंद्र कांबळींचं मालवणी नाटक वस्त्रहरण १९८० मध्ये आलं आणि त्याचे हजारो प्रयोग झाले, ते काय फक्त सिंधुदुर्गातल्या माणसांनी बघितले का? लक्ष्मण देशपांडे एकटे स्टेजवर उभे राहून वऱ्हाड निघालंय लंडनला या नाटकात ५२ माणसं उभी करायचे, मराठवाड्याच्या बोलीत, आणि ते जगभर फिरले. आज संदीप पाठक ते करतायत, माजलगावचा माणूस, अजून थिएटर भरतं. टीव्हीवर २०१६ मध्ये रात्रीस खेळ चाले ही मालिका आली, मग २०१९ मध्ये तिचा दुसरा भाग आला त्यात तर मालवणी जास्तच घट्ट झाली, संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतः त्यात पांडूचं काम करत होते म्हणजे लिहिणारा आणि बोलणारा दोघंही त्याच मातीतले, आणि आमच्या उदगीरमध्ये, जिथून समुद्र बघायला पाचशे किलोमीटरच्या पुढं जावं लागतं, तिथं पोरं त्यातल्या अण्णा नाईकांच्या नकला करत माका तुका बोलत फिरत होती. आजीला सगळं कळत होतं. एखादा शब्द अडला तर ती पुढच्या वाक्यावरून लावायची, जसं आपण लहानपणी सगळीच भाषा शिकलो तसं.

आणि सैराट तर आहेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये आला. करमाळ्याकडची बोली, अकलूजची शाळेतली मुलगी हिरॉईन, जी त्याआधी सिनेमात नव्हती, आणि त्या सिनेमानं मराठीतले कमाईचे तोवरचे सगळे रेकॉर्ड मोडले. रिंकू राजगुरूचं राष्ट्रीय पुरस्कारात विशेष कौतुक झालं. लोक म्हणतात गाण्यांमुळं चालला. गाणी भारी आहेतच, पण मला विचाराल तर आर्ची बुलेटवर बसते त्यापेक्षा ती बोलते त्यामुळं ती आर्ची आहे. ती भाषा काढून तिच्या तोंडी पुण्याची भाषा घाला, किंवा त्याहून वाईट म्हणजे ती मालिकावाली आवं-बगा भाषा घाला, ती पोरगी तिथल्या तिथं मरेल. त्याच सिनेमाचा उत्तरार्ध आठवा, ती दोघं हैदराबादला जातात आणि आजूबाजूला सगळं तेलुगू ऐकू यायला लागतं, आर्चीला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही, आणि तेव्हा जी भीती वाटते, आपलं माणूस आपल्या भाषेतून तुटलंय ही, ती कुठल्याही बॅकग्राउंड म्युझिकनं आली नसती. नागराज मंजुळेंना भाषेचं वजन माहितीये म्हणून ते जमलं. फँड्रीमध्येही तेच, सोमनाथ अवघडे हा मुलगा नट म्हणून घडवलेला नव्हता, त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी टिंग्यामधल्या शरद गोयेकरला मिळाला होता, तोही जुन्नरकडचा मुलगा. तिघांनाही स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं आणि तिघांचीही देशानं दखल घेतली. यावरून कुणीतरी काहीतरी शिकायला नको का?

दुसरं उत्तर मिळतं ते म्हणजे नट हा नट असतो, खुनी व्हायला खून करावा लागत नाही, मग वऱ्हाडी बोलायला वऱ्हाडातच जन्माला कशाला यावं लागेल. हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझं म्हणणं असं अजिबात नाही की लातूरची भूमिका लातूरच्याच मुलीनं करावी. माझ्या नवऱ्याची बायको या मालिकेतली राधिका नागपूरची होती आणि ती करणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या, पण त्यांनी ते बोलणं मन लावून घेतलं होतं, आणि त्या राधिकेबद्दल मला सगळ्यात आवडायचं ते हे की ती मालिकेची नायिका होती, घर चालवणारी, पुढं धंदा उभा करणारी बाई, आणि ती तशी बोलते म्हणून तिला कमी लेखणारे लोक मालिकेत चुकीचे ठरत होते. म्हणजे करता येतं. फक्त शिकायला वेळ द्यावा लागतो आणि शिकवायला माणूस द्यावा लागतो.

आणि तिथंच घोडं अडतं. रोजची मालिका म्हणजे कारखाना आहे हे मला कळतं. दिवसाला बारा तेरा तास शूटिंग, पटकथा एकजण लिहितो, संवाद दुसरा, आणि सीन कधीकधी नटाच्या हातात मेकअप करता करता पडतो. अशा घाईत संवाद लिहिणारा, जो बहुतेक वेळा ठाण्यात नाहीतर गोरेगावात बसलेला असतो, तो काय करणार, आधी साधं वाक्य लिहिणार आणि मग त्याला गावरान करणार. मी लिहिणाऱ्याला दोष देत नाही, त्याच्यावर पण चोवीस तास डोकं खाणारी माणसं बसलेली असतात. पण त्याच मालिकेत दागिने कुठल्या काळातले हवे, लग्नात कुठला विधी आधी कुठला नंतर, साडी कशी नेसायची, हे सगळं विचारायला माणूस असतो. बांगडी चुकली तर बदलतात. मग बोलणं चुकलं तर का नाही बदलत? कारण बांगडी चुकली हे त्यांना दिसतं आणि बोलणं चुकलं हे त्यांना ऐकूच येत नाही. (रंगाचंही तसंच आहे. सावळ्या मुलीची गोष्ट सांगायची आणि त्यासाठी गोऱ्या नटीला काळा मेकअप फासायचा. महाराष्ट्रात सावळ्या मुलींचा काय दुष्काळ पडलाय का? पण तो विषय वेगळा, त्यावर लिहायला बसले तर रात्र जाईल.)

मला सगळ्यात जास्त बोचतं ते मात्र हे नाही. चुकीची बोली एकवेळ सहन करू. पण बोली कुणाच्या तोंडी दिली जाते हे बघा. वॉचमन, मोलकरीण, गुंड, खवट सासू, सरपंचाचा मवाली मुलगा आणि विनोदी मामा. कॉमेडी शोमध्ये तर बोली आली की लोकांनी हसायचंच असा अलिखित करार झालाय. भारत गणेशपुरेंसारखा माणूस वऱ्हाडी घेऊन २०१४ पासून चला हवा येऊ द्या मधून घराघरात पोचला याचा मला आनंदच आहे, मकरंद अनासपुरेंनी मराठवाडी ढंग हिरोच्या तोंडी आणला याचा तर आम्हा लोकांना फार अभिमान, आम्ही शाळेत असताना पहिल्यांदा वाटलं की अरे आपल्यासारखं बोलणारा माणूस पोस्टरवर आलाय. ही माणसं मोठीच आहेत. पण त्यांच्यासाठी दार फक्त विनोदाचंच उघडलं गेलं, आणि त्यांच्या मागून जो येतो त्यालाही त्याच दारातून यावं लागतं. वऱ्हाडी बोलणारा न्यायाधीश का नाही दाखवत? आगरी बोलणारी शास्त्रज्ञ? नांदेडच्या टोनमध्ये प्रेम व्यक्त करणारा हिरो, ज्यावर कुणी हसणार नाही? हे सगळे लोक खरे आहेत, आजूबाजूला आहेत. माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर बाई आहेत परभणीच्या, पेशंटशी आजही "काय व्हायलंय, कुठं दुखायलंय" असं बोलतात आणि पेशंटचं निम्मं दुखणं तिथंच उतरतं.

नाटकवाल्यांना हे फार आधी कळलेलं होतं. महेश एलकुंचवारांचं वाडा चिरेबंदी १९८५ मध्ये रंगभूमीवर आलं. त्या वाड्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात आणि त्यातलं एकही वाक्य हसवण्यासाठी गावठी केलेलं नाही. मुंबईहून आलेला भाऊ वेगळं बोलतो, घरातली माणसं वेगळं बोलतात, आणि नुसत्या त्या बोलण्यातल्या फरकातून घरात काय मोडलंय ते कळतं. भाषा तिथं पात्राला चिकटवलेली नाही, भाषेतूनच पात्र उगवलंय. आणि पार पूर्वेला, गडचिरोली भंडाऱ्याकडं झाडीपट्टीत, वडसा देसाईगंजला नाटक कंपन्यांची अख्खी बाजारपेठ आहे, धानाची कापणी झाली की सीझन सुरू होतो, रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं, हजारो माणसं थंडीत घोंगड्या घेऊन बसतात, परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. त्या माणसांना मुंबईच्या मान्यतेची गरज पडली नाही. पण मुंबईच्या टीव्हीला त्या माणसांची गरज आहे असं मला फार वाटतं.

आता एक खरी अडचण आहे ती पण बोलते, कारण ती टाळून चालणार नाही. बोली अस्सल वापरायची म्हटलं की त्या भागातली माणसं लगेच चुका काढायला बसतात, आणि चुका काढण्यावर थांबत नाहीत, बदनामी झाली म्हणून निवेदनं देतात. कोकणात रात्रीस खेळ चाले च्या वेळी झालंच होतं की, कोकणाची बदनामी करताय म्हणून विरोध झाला होता. मग निर्माता म्हणतो कशाला पाहिजे हे झंझट, गाव काल्पनिक, तालुका काल्पनिक, भाषा पण काल्पनिक. त्याचं मला समजतं. आपण प्रेक्षक म्हणून पण इथं थोडं मोठं मन दाखवलं पाहिजे, आपल्या तालुक्यातला माणूस मालिकेत वाईट दाखवला म्हणजे तालुका वाईट झाला असं नसतं, वाईट माणसाला पण आपली भाषा बोलायचा हक्क आहे. पण जेव्हा त्या भाषेत फक्त वाईटच माणूस दाखवला जातो, वर्षानुवर्षं, तेव्हा लोकांचा राग कुठून येतो तेही समजून घ्या. एका मालिकेवरचा नसतो तो राग. कॉलेजातल्या त्या कामवाल्या बाईच्या रोलपासून साठलेला असतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्या चॅनेलवर सोहळे झाले, नटनट्यांनी फेटे बांधून शुभेच्छा दिल्या. मला पण भरून आलं होतं. पण मराठी जुनी आहे हे सांगताना आपण कुणाची नावं घेतो ते बघा ना. लीळाचरित्र कुठं लिहिलं गेलं, रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला. नामदेव नरसीचे, हिंगोलीकडचे. ज्ञानेश्वरांचं आपेगाव पैठणजवळ आणि एकनाथ पैठणचेच. म्हणजे ज्या मुलुखानं या भाषेला तिचं पहिलं बोलणं दिलं त्याच मुलुखातल्या माणसाच्या तोंडी आज टीव्हीवर वॉचमनचे चार संवाद येतात, आणि ते पण चुकीचे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर लोक होते. त्यातले मालिकेतल्या प्रमाण भाषेत घरी बोलणारे किती असतील याचा आपापल्या घरात, गल्लीत, ऑफिसात विचार करा.

काय करता येईल म्हणाल तर फार मोठं काही नाही. सिनेमात सिंक साऊंड वापरायला लागल्यापासून फरक पडलाय, जागेवरचा आवाज जागेवरच रेकॉर्ड होतो, नाहीतर आधी डबिंगला माणूस स्टुडिओत उभा राहिला की शर्टाची कॉलर सरळ करावी तशी भाषा पण सरळ करायचा. ख्वाडाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यात लोकेशन साऊंडचा पण होता, धनगरांच्या त्या सिनेमात मेंढरांचा आवाज आणि माणसांचा आवाज एकाच हवेतला वाटतो. टीव्हीला एवढं जमेल न जमेल, पण ज्या तालुक्याची गोष्ट सांगताय त्या तालुक्यातलं एक माणूस रोज तासभर फोनवर तरी घ्या. त्याला पैसे द्या आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव द्या, साडीवाल्या दुकानाचं देता तसं. आणि ऑडिशनला आलेल्या मुलीला अजून गावरान कर म्हणण्याआधी तिला विचारा की तुझ्या घरी हे वाक्य कसं म्हणतात.

एकानं विचारलं पण. भाचीनं ज्या मालिकेत दोन दिवस काम केलं तिथला संवाद लिहिणारा मुलगा, नवीनच आहे म्हणे, त्यानं या उन्हाळ्यात तिला फोन केला की पुढच्या एका गोष्टीत औशाकडची म्हातारी आहे, ती सुनेला रागवते तेव्हा काय म्हणेल सांग. भाची म्हटली मी कशाला सांगू, थांबा, आणि तिनं फोन स्पीकरवर टाकून आजीसमोर ठेवला. आजी आधी लाजली. मग वीस पंचवीस मिनिटं बोलत होती, रागवायचं कसं, मनात माया असताना रागवायचं कसं, चारचौघांत रागवायचं नसेल तर काय बोलायचं, सुनेला थेट न बोलता मांजराला बोलायचं ते कसं. तो पोरगा मध्ये मध्ये एक मिनिट थांबा आजी, लिहून घेतो म्हणत होता. फोन ठेवायच्या आधी आजीनं त्याला एकच विचारलं, ती म्हातारी कोन हाय मालिकेत. तो म्हणाला अजून ठरलं नाहीये आजी. आजी म्हणाली, "तर मग तिला घरची मालकीण करा बाबा, दुसऱ्याच्या घरी भांडी घासूलाली असं दाखवू नका".